‘सिंहासन’च्या जोडीला ‘मुंबई दिनांक’
‘सिंहासन’ हा चित्रपट पाहण्यापूर्वी अरुण साधूंची त्याच नावाची कादंबरी वाचावी, असे कोणी सुचवले, तर ते मला मनापासून पटते. मात्र तेवढ्याने काम अर्धेच होते. जब्बार पटेल यांचा १९७९ चा चित्रपट एका नव्हे, तर साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे, आणि ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ यांना एका पटकथेत गुंफण्याचे अवघड काम विजय तेंडुलकरांनी केले आहे.

मी आधी चित्रपट पाहिला आणि बऱ्याच वर्षांनी वाचनालयातून ‘मुंबई दिनांक’ची पाने सुटू लागलेली प्रत आणली, तेव्हा पडद्यावर मंत्रालयाभोवती फिरणाऱ्या राजकारणाच्या तळाशी गर्दीने, घामाने आणि घाईने भरलेले केवढे मोठे शहर आहे, हे मला प्रथमच जाणवले. त्यामुळे नव्या वाचकाला मी हाच क्रम सुचवेन: आधी ‘मुंबई दिनांक’, मग ‘सिंहासन’ आणि शेवटी चित्रपट. निळू फुले यांना केवळ खलनायक म्हणून ओळखणाऱ्यांनी तर त्यांचा पत्रकार दिगू टिपणीस अवश्य पाहावा. सगळे ऐकणारा, फारच थोडे बोलणारा आणि अखेरीस वेड्यासारखा हसत सुटणारा तो माणूस माझ्या मनातून आजही जात नाही.