पाळी सुरू आहे, पण झोप आणि स्वभाव दोन्ही बिघडलेत. राहणीमानात नेमकं काय बदलू?

मुग्धा

वय ४६. गेल्या वर्षभरात पाळीचा काही नेम उरलेला नाही. कधी २३व्या दिवशीच येते, कधी दीड महिना पत्ता नसतो. तेवढं मी निभावून नेते. हाल होतात ते रात्री. झोप पटकन लागते, पण तीनच्या सुमारास छातीतून एकदम ऊब उसळते, मानेवरून कानांपर्यंत चढते आणि केसांच्या मुळाशी घाम फुटतो. पांघरूण भिरकावून देते आणि थोड्याच वेळात कुडकुडत तेच शोधते. मग छाती धडधडत राहते, उद्याची कामं डोक्यात फिरायला लागतात आणि उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.

मी हिशेबाचं काम करते. आकडे तोंडपाठ असायचे. आता बोलता बोलता साधा शब्द ओठांवर येऊन अडतो. परवा मुलीनं चार्जर विचारला एवढ्यावरून तिच्या अंगावर ओरडले. ती दार लावून बसली, मी इकडे रडत बसले. खाणं वाढलेलं नाही, तरी कमरेभोवती वजन वाढतंय.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन जरा कमी. 'पेरिमेनोपॉज आहे (म्हणजे पाळी जाण्याआधीचा काळ), या वयात व्हायचंच' म्हणाले आणि विषय संपला. हॉर्मोन्स कधीच घेणार नाही असं नाही, पण आधी राहणी बदलून पाहायची आहे. वाचायला गेलं की शंभर सल्ले मिळतात. ज्या यातून गेल्या आहेत त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू? एका मैत्रिणीनं ब्लॅक कोहोश या वनस्पतीच्या कॅप्सूल सुचवल्या आहेत, त्या घेऊ का?

शुभदा

मुग्धा, मी ५३ वर्षांची, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. तुझं तीनचं वर्णन वाचून पोटात कालवलं. तुझी चिडचिड, विसरभोळेपणा, दिवसभराचा थकवा यातलं बरंचसं त्या मोडलेल्या झोपेतून येतं. म्हणून आधी झोपेचं बघ. वजन, आहार, व्यायाम सगळं एकदम अंगावर घेऊ नकोस.

ही अंगातून उसळणारी ऊब, म्हणजे वाफा, का येतात हे कळलं की काय करायचं ते आपोआप सुचतं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा असते, हायपोथॅलॅमस. इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं हॉर्मोन खालीवर व्हायला लागलं की तिची सहनशक्ती कमी होते. एरवी जो किंचितसा गरमपणा तिनं सोडून दिला असता त्यालाही ती 'फार तापलंय' समजते, त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या उघडते आणि घाम आणते. त्यात शरीर गरजेपेक्षा जास्त थंड होतं, म्हणून मागोमाग हुडहुडी. तुझं काही चुकत नाहीये आणि तू मनानं कमकुवतही नाहीस. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

मी काय केलं ते सांगते. एक जाड पांघरूण काढून दोन पातळ चादरी घेतल्या, म्हणजे एकच बाजूला सारता येते. सुती सैल गाऊन, आणि तसाच दुसरा उशाशी घडी करून. ओला गाऊन अंधारातच बदलायचा, दिवा लावायचा नाही. पाण्याची बाटली हाताशी. घड्याळ खोलीतून बाहेर. हे घड्याळाचं आवर्जून कर. 'तीन वाजले, आता तीनच तास उरले' हा हिशेब मांडायला लागलं की मेंदू पुरता जागा होतो. यानं वाफा कमी होत नाहीत. पण वाफ आली तरी झोप समूळ उडत नाही, हा फरक माझ्यासाठी फार मोठा होता.

दुसरं, उठायची वेळ रोज एकच ठेव, रात्र कितीही वाईट गेली तरी आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा. वीसेक मिनिटं झोप येत नाहीये असं वाटलं तर अंथरुणात तळमळत पडू नकोस. उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाच, डोळे जड झाले की परत ये. निद्रानाशावरच्या सीबीटी या, विचार आणि सवयी बदलण्याच्या उपचारातला हा भाग आहे. मी समुपदेशकाकडून रीतसर शिकले. पहिला आठवडा नको नको झाला, नंतर घडी बसली.

कॉफी दुपारनंतर बंद. कॅफिन निम्मं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. दारू घेत असशील तर तिनं झोप लवकर लागते आणि मध्यरात्री मोडते, वर अंग तापतं. सिगारेट ओढणाऱ्या बायकांना वाफांचा त्रास जास्त होतो, तीही असेल तर सोड.

आता व्यायाम. इथे मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण यावरून बायकांना फार ऐकून घ्यावं लागतं. 'व्यायाम करत नाहीस म्हणून वाफा येतात' असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीनं २०२३ मध्ये हॉर्मोनविरहित उपायांचा आढावा घेतला. वाफांसाठी शिफारस केलेल्यांत सीबीटी, क्लिनिकल संमोहन आणि वजन जास्त असल्यास ते कमी करणं आहे, शिवाय काही औषधं. व्यायाम, योग, संथ श्वसन यांची वाफांसाठी शिफारस नाही, कारण पुरावा पुरेसा नाही. मग मी व्यायाम का करते? हाडांसाठी, स्नायूंसाठी, हृदयासाठी, डोकं शांत राहावं म्हणून. शेवटच्या पाळीच्या आधीच्या वर्षापासून पुढची दोनेक वर्षं हाडं फार वेगानं झिजतात. माझ्या आईची पाठ वाकलेली मी रोज बघत होते. त्यामुळे मला वेगळी प्रेरणा लागली नाही.

ताकदीचा व्यायाम हवाच, नुसतं चालणं पुरत नाही. मी खुर्चीपासून सुरुवात केली. खुर्चीच्या कडेला बसायचं, पावलांमध्ये खांद्यांइतकं अंतर, हात छातीवर आणि हाताचा आधार न घेता उठायचं. बसताना धपकन बसायचं नाही, चार आकडे मोजत खाली यायचं. मांड्या थरथरतात, तिथेच काम होतं. हे जमल्यावर हातात वजन घेतलं, भिंतीला रेटून दंड केले, मग खाली जमिनीवर. आठवड्यातून दोनदा हे, आणि बाकी दिवस दमदार चालणं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, तेवढं धर. वजनकाट्यावर फारसा फरक दिसला नाही, पण जिना चढताना धाप लागायची थांबली.

प्रत्येक जेवणात प्रथिनं असू देत, नाहीतर स्नायू बनणार कशातून? कॅल्शियम पन्नाशीपर्यंत दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पुढे १२०० लागतं, तेही शक्यतो खाण्यातूनच.

एक छोटी वही ठेव. पाळीची तारीख, रात्री किती वेळा जाग आली, मूड, त्या संध्याकाळी काय वेगळं घडलं. दोन-तीन महिन्यांत आपली चाल कळते. माझ्या वहीत दिसलं की पाळीच्या आधीच्या आठवड्यात मी सगळ्यांवर खेकसते. मग ते दिवस मी घरच्यांना आधीच सांगून ठेवायला लागले. तुझ्या मुलीलाही सांग. 'आई रागावली' आणि 'आईला आत्ता बरं नाहीये' यात तिच्यासाठी फार अंतर आहे.

आणि कॅप्सूल नको. ब्लॅक कोहोशनं वाफा कमी होतात याचा भरवशाचा पुरावा नाही आणि यकृताला इजा झाल्याच्या क्वचित का होईना, नोंदी आहेत. नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं नसतं.

अनघा

शुभदाताई, योगाबद्दल मात्र मी सहमत नाही. मला फरक पडला. वाफ येतेय असं वाटलं की मी जिथे असेन तिथे खांदे सैल सोडते आणि श्वास लांबवत सोडते. वाफ येतेच, पण पूर्वीसारखी घाबरगुंडी उडत नाही. मीटिंगमधून उठून जायची वेळ येत नाही. अभ्यासात वाफा मोजत असतील, भीती कोण मोजतं?

शुभदा

अनघा, अगदी खरं आहे आणि तू ते सोडू नकोस. सीबीटीचं कामही बरंचसं तसंच चालतं. वाफ आल्यावर मनात जे सुरू होतं, 'सगळे बघताहेत, मला काहीतरी होतंय', ते बदलतं आणि त्रास कमी होतो. माझा आक्षेप एवढाच की वाफा थांबल्या नाहीत तर कोणी स्वतःला 'मी नीट करत नाहीये' म्हणू नये.

केतकी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. शुभदाताईंनी मांडलेलं बहुतेक मला मान्य आहे. मुग्धा, तुझ्या लिहिण्यातलं एक वाक्य मला खटकलं: हिमोग्लोबिन जरा कमी. ते तसंच सोडू नकोस, फेरिटिनची, म्हणजे लोहाच्या साठ्याची, तपासणी करून घे. शरीरातला लोहाचा साठा आटला तर थकवा, धडधड, लक्ष न लागणं हे सगळं होतं आणि ते पेरिमेनोपॉजच्या खात्यावर जमा होतं. लोह का कमी झालं, हाही प्रश्न आहे. अंगावरून किती जातं?

काही गोष्टी राहणीमानानं सुटत नाहीत, त्यांच्यासाठी थांबायचं नाही. सलग काही तास दर तासाला पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं, पाळी आठवड्यापेक्षा बरीच लांबणं, २१ दिवसांच्या आत पुन्हा पुन्हा येणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्त दिसणं. आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त गेलं तर ते थेंबभर असलं तरी तपासायचं. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातली गाठ असू शकते, गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं असू शकतं. 'या वयात व्हायचंच' हे उत्तर इथे चालत नाही.

एफएसएच या हॉर्मोनची रक्ततपासणी मात्र मागू नकोस. पंचेचाळिशीनंतर निदान लक्षणांवरूनच होतं आणि या काळात तो आकडा महिन्यागणिक बदलतो.

हॉर्मोन्सबद्दलची भीती मोठ्या प्रमाणात २००२ च्या एका अमेरिकी अभ्यासातून आली. त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आतल्या, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी स्त्रियांना त्रास जास्त असेल तर फायदा सहसा धोक्यापेक्षा मोठा असतो, असं आता मानलं जातं. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी झालेली असेल तर गोष्ट वेगळी. आधी राहणी बदलून बघ, जरूर. पण सहा महिने मनापासून करूनही रात्री अशाच जात असतील तर बोलायला ये, तो पराभव नाही. आणि सलग दोन आठवडे मन उदास राहिलं, कशातच रस वाटेनासा झाला, तर सहा महिनेही थांबू नकोस.

मुग्धा

खूप खूप आभार. घड्याळ आजच बाहेर ठेवते आणि फेरिटिन या आठवड्यात करते. केतकी, दर तासाला नाही, पण पहिले दोन दिवस रात्रीतून दोनदा उठून पॅड बदलावं लागतं आणि गाठी पडतात. हे मला नेहमीचंच वाटत होतं. शिवाय एक विचारायचं राहिलं. पाळी दीड महिना आली नाही की दरवेळी पोटात गोळा येतो. आता गर्भनिरोधक बंद केलं तर चालेल का?

केतकी

नाही, बंद करू नकोस. पाळी अनियमित झाली तरी अधूनमधून बीज सुटतंच, गर्भ राहू शकतो. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यायची. पाळी चुकली की आधी घरच्या घरी प्रेग्नन्सी टेस्ट कर.

रात्रीतून दोनदा उठणं आणि गाठी हे पुरेसं कारण आहे, सोनोग्राफी करून घे. आणि गर्भनिरोधकाविषयी बोलशील तेव्हा हॉर्मोनच्या कॉपरविरहित लूपबद्दलही विचार. तो गर्भाशयात बसवतात, त्यानं गर्भ राहत नाही आणि अंगावरून जाणंही बरंच कमी होतं.