मदत हवी आहे: सीएससाठी पॉवरफुल लॅपटॉप, अर्जंट

डोक्याचा_भुगा:
लोकहो, जरा पटकन सांगा. कॉम्प्युटर सायन्सला ॲडमिशन झालीये, लेक्चर्स दहा दिवसांत सुरू, पॉवरफुल लॅपटॉप घ्यायचाय. चार दिवस रिव्ह्यू बघतोय, एक म्हणतो ३२ जीबीच घे, दुसरा म्हणतो ८ मध्ये भागतं, तिसरा नुसताच ओरडतो. दोन शॉर्टलिस्ट केलेत, एक गेमिंगवाला आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्डचा आणि एक पातळ. कुठला? रात्री ऑर्डर टाकणारे.

रात्रपाळी:
"एक पातळ" हे मॉडेलचं नाव आहे का? बजेट किती, रोज पाठीवर न्यायचाय का, कॉलेजने काही सांगितलंय का? काहीच माहिती नाही आणि म्हणे अर्जंट.

डोक्याचा_भुगा:
गेमिंगवाला बजेटमध्ये जेमतेम बसतो, पातळ घेतला तर बरेच पैसे उरतात. पातळवाल्यात रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम. ७००० सिरीज म्हणजे नवीनच ना? रॅम नंतर वाढवेन.

पेंग्विनभक्त:
कुठलाही घे रे, पहिल्या दिवशी विंडोज उडव आणि लिनक्स टाक. मी सेकंडहँड डबड्यावर अख्खी डिग्री काढली. फक्त वायफाय कार्ड इंटेलचं आहे का बघ, नाहीतर पहिला महिना ड्रायव्हर शोधण्यात जातो.

आकडेबहाद्दर:
थांब, ऑर्डर टाकू नकोस!! ७५२०यू मधला ७ म्हणजे फक्त २०२३ चं मॉडेल वर्ष. खरी मेख तिसऱ्या आकड्यात, तिथे २ आहे म्हणजे आतमध्ये झेन २, जे २०१९ चं डिझाइन आहे, कोअर फक्त चार. ७८४०एचएस मध्ये तिसरा आकडा ४, म्हणजे झेन ४. नावं मुद्दाम अशी ठेवतात की माणूस फसलाच पाहिजे. आणि रॅम वाढवायचं विसर, या चिपला एलपीडीडीआर५ प्रकारचीच रॅम लागते आणि ती बोर्डलाच सोल्डर केलेली असते. आज ८ तर कायम ८. ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातला नकली फोन म्हणजे इम्युलेटर एकत्र चालवलेस की ब्राउझर बंद करावा लागेल. १६ च्या खाली बघूच नको.

सफरचंदी:
मॅकबुक एअर घे आणि विषय संपव. फॅनच नाही, आवाज नाही, चार्जर घरी विसरलास तरी दिवस निघतो.

रात्रपाळी:
@सफरचंदी फॅन नाही म्हणूनच मोठं कंपाइल लावलं की थोड्या वेळाने मंदावतं, हे पण सांगा की. शिवाय कुडा (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर एआय वगैरेची गणितं चालवायची सोय) नाही, आणि मॅकची चिप वेगळी, त्यामुळे इंटेल-एएमडीच्या चिपवाल्या एक्स८६ असेंब्ली भाषेचं प्रॅक्टिकल असलं की पोरगं इम्युलेटर शोधत फिरणार.

सफरचंदी:
असेंब्ली एका सेमिस्टरला असते हो, बॅटरी रोज लागते.

कागदपत्रे:
प्रिंटर घेताना लेझरच घ्या. इंकजेटची शाई न वापरता वाळते, मी दोन टाकले.

आकडेबहाद्दर:
प्रिंटर कुणी विचारला??

तीन_किलो:
माझा गेमिंग लॅपटॉप आहे, म्हणून बोलतो. वजन सव्वादोन किलो, वर वीट म्हणावी असा चार्जर, लायब्ररीत प्लगजवळची जागा मिळाली नाही तर मी सरळ घरी जातो. आणि ४०५० सगळ्या सारख्या नसतात, तीच चिप कुठे ३५ वॉटवर चालवतात, कुठे ११५ वर, स्पेक शीटवर टीजीपी, म्हणजे कार्डाला किती वॉट मिळतात तो आकडा, शोधून बघ. तुला ग्राफिक्स कार्ड कशाला पाहिजे ते तरी सांग, गेम असेल तर तसं बोल, इथे कुणी रागावणार नाही.

डोक्याचा_भुगा:
गेम नाही हो (थोडेसे). एआय शिकायचंय, मॉडेल लॅपटॉपवरच चालवायची आहेत.

आकडेबहाद्दर:
मग हिशोब कर. ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटमध्ये म्हणजे नुसती वेट्सच (मॉडेल शिकलेले आकडे) १४ जीबी. ४०५० ची व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, ६ जीबी. ४ बिटला दाबलंस तर साडेतीनच्या आसपास येतं, ते चालेल, पण ट्रेनिंग वगैरे स्वप्नं बघू नकोस. सुरुवातीला गूगलचं कोलॅब फुकट आहे, त्यांच्या मशीनवर ब्राउझरमधून कोड चालतो, ते वापर.

पेंग्विनभक्त:
कोलॅब मधेच तोडतो. रात्री लावून झोपलात की सकाळी शून्य.

डोक्याचा_भुगा:
मग अवघडच आहे. दादाच्या डेस्कटॉपला आरटीएक्स ३०६० कार्ड आहे १२ जीबीचं, पण तो कुणी वापरतच नाही.

रात्रपाळी:
काय???

तीन_किलो:
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं!

डोक्याचा_भुगा:
प्रश्न लॅपटॉपचा होता ना.

आकडेबहाद्दर:
४०५० च्या दुप्पट व्हीरॅम घरात धूळ खातेय आणि हा बजेट ताणतोय. दोन्ही कॅन्सल कर. दीड किलोच्या आतला, १६ जीबी, शक्यतो रॅमचा एक स्लॉट मोकळा असलेला, टाइप-सीवर चार्ज होणारा, स्क्रीनचा उजेड किमान ३०० निट्स, एवढं बघून घे. जड काम डेस्कटॉपवर, लॅपटॉपवरून एसएसएच. राउटरचे पोर्ट उघडत बसू नकोस, दोन्हीवर टेलस्केल टाक, ते दोन्ही मशीन इंटरनेटवरून खाजगी नेटवर्कात जोडतं, कॉलेजमधूनही चालेल. विंडोज ठेवलंस तर त्यातच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल आहेच, ते मात्र आपणहून अर्ध्या रॅमवर हक्क सांगतं, कॉन्फिग फाइलमध्ये आवर घाल.

पेंग्विनभक्त:
किंवा लिनक्स.

डोक्याचा_भुगा:
ओके, थँक्स सगळ्यांना, ऑर्डर थांबवली. एसएसएच म्हणजे काय, त्यासाठी वेगळा धागा काढू का? आणि दादाला पासवर्ड आठवत नाहीये.

कागदपत्रे:
डेस्कटॉप असेल तर प्रिंटर त्यालाच जोडा.