आपण अमेरिकेत आलो ते डिग्रीमुळे की सेल्मामुळे?

पायरीवरची
परवा इकडे न्यू जर्सीत मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या लायनीत उभी होते, पुढचे एक गृहस्थ दुसऱ्यांना सांगत होते की "हे काळे लोक साठ वर्षं झाली तरी रडतच आहेत, आपण बघा, दोन बॅगा घेऊन आलो, कोणाकडे हात पसरला नाही." भांडणार होते पण हातात मोदक होता आणि नवरा डोळे वटारत होता, म्हणून इथे लिहितेय.

माझं म्हणणं सरळ आहे. त्या दोन बॅगा विमानतळावरून आत आल्या त्या ज्यांना आपण नावं ठेवतो त्यांनी खाल्लेल्या मारामुळे. १९१७ पासून जवळजवळ अख्ख्या आशियालाच दार बंद होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद (पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता बरं का) सुप्रीम कोर्टात गेला तर कोर्ट म्हणालं तू गोरा नाहीस, नागरिकत्व मिळणार नाही. १९२४ च्या कायद्याने देशानुसार कोटे बांधले, सगळी मलई उत्तर आणि पश्चिम युरोपला. १९४६ मध्ये भारताला कोटा दिला तो किती, तर वर्षाला १००. शंभर! आपल्याकडे एका वऱ्हाडाला दोन एसट्या लागतात तेवढी माणसं. अख्ख्या देशाला. आणि मग ३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने लिबर्टी बेटावर स्वातंत्र्यदेवीच्या पायाशी बसून सही केली आणि ते देशानुसार कोटे गेले, पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला वर्षाला २०,००० पर्यंत. १०० चे २०,०००.

मधल्या काळात काय झालं? १९६० मध्ये ग्रीन्सबरोत चार कृष्णवर्णीय पोरं वुलवर्थ दुकानाच्या फक्त गोऱ्यांसाठीच्या काउंटरवर कॉफी मागून बसली, १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुलांवर कुत्रे आणि पाण्याचे पाइप सोडले, १९६४ ला वर्णभेदावर बंदी घालणारा सिव्हिल राइट्स कायदा, ७ मार्च १९६५ ला सेल्माच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा काढणाऱ्यांची डोकी पोलिसांनी फोडली. कातडीचा रंग बघून कॉफी नाकारायची नाही असं एकदा लिहून दिल्यावर जन्माचा देश बघून व्हिसा नाकारायला तोंड राहिलं नाही. इतकंच.

रोखठोक
धागा चांगला आहे पण इतिहास सोयीचा घेतलाय. ताई, इमिग्रेशनचा लढा ब्लॅक लोकांचा नव्हताच, तो होता इटालियन, ग्रीक, पोलिश आणि ज्यू लोकांचा, कारण १९२४ च्या कोट्याने मार त्यांनाही बसला होता. ब्रुकलिनचा इमॅन्युएल सेलर १९२३ मध्ये काँग्रेसमध्ये गेला, १९२४ च्या कायद्याविरुद्ध बोलला आणि पुढची ४१ वर्षं तेच बोलत राहिला, १९६५ च्या कायद्यावर नाव त्याचं आणि मिशिगनच्या हार्टचं आहे. राष्ट्राध्यक्ष ट्रूमनने १९५२ मध्ये कोटा चालू ठेवणाऱ्या बिलावर व्हेटो मारला, तेव्हा माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांचा बस बहिष्कारसुद्धा व्हायचा होता. शिवाय कोल्ड वॉर, रशिया रोज जगाला सांगत होता बघा हे लोकशाहीवाले कसे वागतात. आणि १९४६ चे ते १०० तुम्हाला हास्यास्पद वाटतात पण नागरिकत्वाचा हक्क त्याच कायद्याने दिला, त्यामुळेच दलीपसिंग सौंद १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून आले, ग्रीन्सबरोच्या चार वर्षं आधी.

दुसरं, हा कायदा आपल्यासाठी केलेलाच नव्हता हो. ओहायोचा मायकेल फीघन नावाचा खासदार अडून बसला की नातेवाइकांना जास्त जागा द्या, का तर आत्ता इथे आहेत ते बहुतेक गोरे, म्हणजे त्यांचे काकामामा पण गोरेच येणार, देशाचा रंग बदलणार नाही. टेड केनेडी सिनेटमध्ये तेच सांगत होता की लोकसंख्येचं मिश्रण बिघडणार नाही. खुद्द जॉन्सन सही करताना म्हणाला की हे काही क्रांतिकारक बिल नाही. म्हणजे आपण आलो ती चूक होती त्यांची. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. अपघाताचं ऋण कोणी फेडत नाही.

तिरकस
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एक अवांतर, जॉन्सनला देव्हाऱ्यात बसवू नका प्लीज. ज्या वर्षी तो लिबर्टी बेटावर सही करत होता त्याच वर्षापासून भारताला पीएल ४८० चा (अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याचा) गहू महिन्यामहिन्याच्या हिशोबाने सोडत होता, बिहारमध्ये दुष्काळ आणि हा वॉशिंग्टनला बसून जहाजं मोजतोय, वर आपण व्हिएतनामवर टीका केली म्हणून तोंड फुगवलेलं. आमची आजी रेशनच्या गव्हाला "जॉन्सनचा गहू" म्हणून शिव्या घालायची, पोळी फाटली की जॉन्सनचा उद्धार. एकाच माणसाने एका हाताने पोरांना व्हिसा दिला आणि दुसऱ्या हाताने आईबापांना ताटकळत ठेवलं.

पायरीवरची
तिरकस, आजीला नमस्कार :) जॉन्सन देव नाहीच.

रोखठोक, कावळ्याचं छान आहे, पण फांदी आधी कोणी करवतून ठेवली होती ते बघा की. सेलर ४१ वर्षं बोलला हे तुम्हीच लिहिलंत. मग ४० वर्षं का नाही झालं? ट्रूमनचा व्हेटो काँग्रेसने उलटवला. राष्ट्राध्यक्ष केनेडीने जुलै १९६३ मध्ये कोटे काढायचा प्रस्ताव पाठवला, तो पडून राहिला. सिनेटमध्ये ज्युडिशियरी कमिटीचा अध्यक्ष कोण होता, मिसिसिपीचा जेम्स ईस्टलंड, मळ्याचा मालक, पक्का वर्णद्वेष्टा. सिव्हिल राइट्सची बिलं याच्याच कमिटीत कुजायची आणि इमिग्रेशनची पण याच्याच. खोली एकच, कुलूप एकच, किल्ली एकाच माणसाच्या खिशात. ते कुलूप कोणी तोडलं? इटालियन लॉबीने नाही तोडलं. जून १९६४ मध्ये सिव्हिल राइट्स बिल अडवायला भाषणं लांबवत चालवलेलं साठ दिवसांचं फिलिबस्टर ७१ विरुद्ध २९ ने मोडलं तेव्हा दक्षिणेचे सिनेटर हरू शकतात हे पहिल्यांदा दिसलं. मग रिपब्लिकनांचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार गोल्डवॉटर, ज्याने त्या कायद्याविरुद्ध मत दिलं होतं, तो नोव्हेंबरमध्ये ४८६ विरुद्ध ५२ इलेक्टोरल मतांनी आपटला आणि सिनेटमध्ये डेमोक्रॅट ६८ झाले. पुढच्या वर्षी ईस्टलंडने इमिग्रेशनच्या सुनावण्या गपचूप टेड केनेडीच्या हाती दिल्या, आणि बिल ७६ विरुद्ध १८ ने पास. त्या १८ मध्ये बहुतेक दक्षिणेचेच.

हेतू आपल्यासाठी नव्हता हे १०० टक्के मान्य. पण विहीर दुसऱ्याने स्वतःसाठी खणली म्हणून पाणी पिणाऱ्याने त्याच्याच नावाने खडे फोडायचे का?

रोखठोक
ईस्टलंडचा मुद्दा चांगला आहे, मान्य. पण मग संपूर्ण सांगा, १९६४ च्या कायद्याला सिनेटमध्ये ३३ पैकी २७ रिपब्लिकनांनी मत दिलं, विरोधातले २१ डेमोक्रॅट होते. सिनेटमधला रिपब्लिकनांचा नेता डर्क्सन नसता तर फिलिबस्टर मोडलंच नसतं. म्हणजे कुलूप तोडणारे इलिनॉयचे गोरे रिपब्लिकन पण होते, त्यांचे फोटो लावायचे का गणपतीत?

आणि पुढचं कोणीच बोलत नाही. ६ ऑगस्ट १९६५ ला मतदानाच्या हक्काचा कायदा झाला, पाच दिवसांनी लॉस एंजेलिसचं वॉट्स पेटलं, ३४ मेले. १९६७ ला डेट्रॉइट, ४३ मेले. हक्क मिळाले तर मग जाळपोळ कशाला? त्याने सगळ्या चळवळीची सहानुभूती गेली आणि निक्सन आला. सरळ कष्ट करणाऱ्या माणसाला हे बघून काय वाटेल, त्या प्रसादाच्या लायनीतल्या काकांना वाटलं तेच.

मेतकूट_भात
काहीच्या काही. वॉट्समधल्या लोकांना मतदानाचा हक्क आधीपासून होता हो, तो कॅलिफोर्निया आहे, मिसिसिपी नाही. त्यांचा प्रश्न पोलीस, नोकरी आणि घर हा होता आणि त्यावर १९६५ च्या त्या मतदानाच्या कायद्यात एक ओळ नव्हती. गर्भवती बाईला डोकेदुखीची गोळी द्यायची आणि मग म्हणायचं अजून कळा का देतेय.

जिथे तो कायदा लागू पडत होता तिथे काय झालं ते बघा ना, मिसिसिपीत मतदार यादीत नाव असलेले कृष्णवर्णीय ७ टक्क्यांच्या आत होते, दोन-अडीच वर्षांत ६० टक्क्यांच्या आसपास गेले. आणि निक्सन फक्त दंगलींमुळे नाही आला, व्हिएतनाम विसरलात का, १९६८ ला पाच लाखांवर सैनिक तिथे होते, मार्चमध्ये जॉन्सनने हात वर केले की मी उभाच राहत नाही. आणि उघड वर्णभेदाच्या जोरावर मोठा झालेल्या जॉर्ज वॉलेसला साडेतेरा टक्के मतं आणि पाच राज्यं मिळाली, ती काय दंगलीला घाबरलेल्या गरीब बिचाऱ्यांचीच सगळी?

संत्रानगरी
मी नागपूरचा, त्यामुळे राहवत नाही बे. जेम्स लॉसन हे नाव इथे कोणी घेतलंच नाही. कोरियाच्या लढाईसाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून जेलात गेलेला हा मेथॉडिस्ट पोरगा १९५३ मध्ये मिशनरी म्हणून आला कुठे, तर नागपूरला, आमच्या हिस्लॉप कॉलेजात. खेळ शिकवायचा पोरांना आणि सत्याग्रह कसा चालवतात ते समजून घ्यायचा. माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी त्याने नागपुरात पेपरात वाचली. परत गेला, १९५७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भेटले, म्हणाले थांबू नका, आत्ताच दक्षिणेत या.

मग नॅशव्हिलला चर्चच्या तळघरात याने वर्ग चालवले. विद्यार्थ्यांना खुर्चीवर बसवायचं, बाकीच्यांनी गोरे गुंड बनून शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, ढकलून पाडायचं, आणि बसलेल्याने हात उचलायचा नाही. तालीमच ती, आखाड्यातल्यासारखी, फक्त मारायची नाही तर मार खायची. त्या वर्गातून डायान नॅश निघाली, जॉन लुईस निघाला, तोच लुईस ज्याचं डोकं सेल्माच्या पुलावर फुटलं. १९६० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसनला काढून टाकलं, तरी थांबला नाही. म्हणजे ताईंची विहीर खणायला एक टिकाव आपल्याकडचाही होता. हिस्लॉपवरून मी रोज स्कूटरने जायचो, मला हे कळलं चाळिशीत.

आणि उसनवारी एकतर्फी नाही. १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर ही कृष्णवर्णीयांची संघटना झाली, १९७२ मध्ये मुंबईत ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर काढली. हे मात्र आपल्या गणपती मंडळांत कोणी बोलत नाही, का ते तुम्हाला माहीत आहे, मला पण माहीत आहे.

तिरकस
शेवटच्या वाक्याला इनो लागणार बऱ्याच जणांना.

रोखठोक
मला नको इनो. लॉसनबद्दल खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद. तरी माझा मूळ मुद्दा तसाच आहे. दार कोणी उघडलं ते सोडा, आत आल्यावर टिकलो ते आपल्या शिक्षणावर आणि कष्टावर. मेरिट.

आठ_डॉलर
मी सहसा वाचतोच फक्त, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. मी १९६९ साली मुंबईहून शिकागोला आलो. तेव्हा रिझर्व्ह बँक बाहेर जाताना आठ डॉलर द्यायची, म्हणून हे नाव.

रोखठोक, मेरिटचं तुम्ही म्हणता ते निम्मं बरोबर आहे. माझ्या फायलीवर थर्ड प्रेफरन्स होता, म्हणजे शिकलेले लोक, इंजिनिअर, डॉक्टर वगैरे. पण त्याला एकूण जागांपैकी १० टक्केच होत्या. फिफ्थ प्रेफरन्सला २४ टक्के, तो नागरिकांच्या भावाबहिणींचा. मी सिटिझन झाल्यावर माझे दोन भाऊ, एक बहीण, त्यांच्याबरोबर त्यांचे संसार, असं सगळं घर त्यातूनच आलं. त्यांचं मेरिट म्हणजे माझी भावंडं असणं. ते फीघनसाहेब म्हणालात ना तुम्ही, ज्यांनी गोऱ्यांच्या काकामामांसाठी सोय केली, ती आमच्या घराने पुरेपूर वापरली. हसू येतं.

दुसरी एक गोष्ट. आल्यावर पहिले काही महिने वायएमसीएत राहिलो. मग बायको येणार म्हणून उपनगरात फ्लॅट बघायला गेलो. फोनवर म्हणाले रिकामा आहे, मला बघितल्यावर म्हणाले आत्ताच गेला. असं तीनदा झालं. ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक कृष्णवर्णीय ड्राफ्ट्समन होता, त्याला सहज बोललो. त्याने तिथूनच फोन उचलला, आमच्यातल्याच एका गोऱ्या मुलाला नंबर लावून दिला, विचार म्हणाला. फ्लॅट रिकामा होता. मग त्याने मला कायदा सांगितला, घराबाबत भेदभाव करता येत नाही असा, एप्रिल १९६८ चा. किंगना मारल्यावर आठवड्याभरात जॉन्सनने सही केलेला. मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं, मी तेव्हा मुंबईत परीक्षेच्या गडबडीत होतो. पत्रही त्यानेच लिहून दिलं, कायद्याचं नाव घालून, मी फक्त सही केली. चौथ्या दिवशी फ्लॅट मिळाला.

संत्रानगरी
काका, किंग मेम्फिसला कशासाठी गेले होते माहीत आहे ना? सफाई कामगारांचा संप होता, तेराशे माणसं. आणि त्यांना बोलावणारा लॉसनच. तोवर तो मेम्फिसला पाद्री होता.

रोखठोक
काका, फ्लॅटचं पटलं. कावळ्याचं अजून सोडलेलं नाही. पण त्या ड्राफ्ट्समनचं पुढे काय झालं?

आठ_डॉलर
तो त्याच टेबलावरून रिटायर झाला. माझ्याआधी नऊ वर्षं होता तिथे, काम माझ्यापेक्षा चांगलं करायचा, पहिलं वर्षभर माझ्या चुका तोच दुरुस्त करायचा. तीन वर्षांनी मला त्याचा साहेब केलं.

पायरीवरची
काका, तुम्ही कधी बोललात का त्याच्याशी याबद्दल?

आठ_डॉलर
नाही.