मदत हवी आहे: गरिमा-२ नेमकी कोणाची प्रत?

लेकीचा बारावीचा जीवशास्त्राचा प्रकल्प आहे, क्लोनिंगवर, म्हणजे एका प्राण्याच्या पेशीपासून त्याची हुबेहूब प्रत बनवण्यावर. आमच्या घरी म्हशी, म्हणून प्रश्न माझ्याकडे! डॉली या क्लोन मेंढीचं समजलं: १९९६, स्कॉटलंड, सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी, २७७ अंड्यांवर खटपट आणि जगलं एकच कोकरू. म्हणजे डॉली त्या मेंढीची प्रत. पण कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २०१० साली जन्मलेली गरिमा-२ ही म्हशीची रेडी भ्रूणातल्या स्टेम सेलपासून (जिच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशी मूळ पेशी) केलेली. मग ती प्रत कोणाची? जन्मालाच न आलेल्या भ्रूणाची? तसं असेल तर मोठी होऊन ती दूध किती देणार, याचा अंदाज आधी कशावरून बांधायचा? मी "हो, तसंच काहीतरी" म्हणून वेळ मारून नेली, तर लेकीने वहीत लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. कुणी पशुवैद्यक असाल तर सोप्या मराठीत सांगा ना. सोमवारी वही द्यायची आहे.