अ‍ॅनाटॉमी: अ‍ॅप असलं की डिसेक्शन हॉल नको?

जुना डेमॉन्स्ट्रेटर
काल इथे एकाने लिहिलं, "थ्रीडी अ‍ॅप आणि अँकी असलं की अ‍ॅनाटॉमी निघते, डिसेक्शनचे तास फुकट जातात." (अँकी म्हणजे पाठांतराच्या कार्डांचं अ‍ॅप; डिसेक्शन म्हणजे मृतदेह उघडून शरीररचना शिकणं.) वाचून राहवलं नाही. अ‍ॅपमध्ये आर्टरी (धमनी) लाल, व्हेन (शीर) निळी, नर्व्ह (मज्जातंतू) पिवळी. टेबलावर सगळंच मातकट. तिथे बोटांत धरून ओळखावं लागतं: आर्टरीची भिंत जाड लागते, व्हेन चपटी होते, नर्व्ह दोरीसारखी भरीव. हे पडद्यावर कसं कळणार? अ‍ॅप जोडीला घ्या, हॉलच्या जागी नको.

पहिलं वर्ष
सर, ती पोस्ट माझीच. एका टेबलाभोवती आम्ही पंचवीस जण. पुढचे चौघे बघतात, बाकीच्यांना त्यांच्या पाठी दिसतात. ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं) तीन दिवस चालला, मला धड दिसला नाही. रात्री अ‍ॅपमध्ये पेक्टोरलिस मायनर (छातीचा एक स्नायू) बाजूला केली तेव्हा अ‍ॅक्सिलरी आर्टरीभोवतीच्या (काखेतल्या धमनीभोवतीच्या) तिन्ही कॉर्ड, म्हणजे प्लेक्ससच्या जाड दोऱ्या, पहिल्यांदा कळल्या. मग फुकट नाही तर काय म्हणू?

रात्रपाळी
गर्दीचं रडगाणं पुरे. तास संपल्यावर थांबायचं. मी थांबायचे.

पहिलं वर्ष
तास संपला की कुलूप लागतं, मॅडम. आणि स्काल्पेल (चिरायची सुरी) वर्षभर त्याच दोघांच्या हातात. मागितलं तर "तू मॅन्युअल वाच" म्हणतात.

टेबल नंबर तीन
आमच्या टेबलावर त्या दोघांपैकी एक मी होते. मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह कोराकोब्रेकियालिस या दंडाच्या स्नायूमधून आरपार जाते, ती मी स्वतः सोडवली, म्हणून आजही विसरले नाही. मागे उभ्या असलेल्यांना ती कधी दिसलीच नाही. कुणी मागत नाही, असं तेव्हा मी म्हणायचे. मागायला वाव आम्ही ठेवलाच नव्हता.

रात्रपाळी
कुलपाचं मला माहीत नव्हतं. तरीही, दोनदा नाही म्हणाले तर तिसऱ्यांदा मागायचं. गप्प राहून घरी जायचं नाही.

सर्जरी रेसिडेंट
स्काल्पेलवरून भांडताय, मूळ प्रश्न राहिला बाजूला. अ‍ॅपमधलं शरीर बहुधा एकच, पुस्तकाबरहुकूम. सायॅटिक नर्व्ह (पायाकडे जाणारी जाड नर्व्ह) पिरिफॉर्मिस या नितंबातल्या स्नायूच्या खालून एकसंध येते म्हणून पाठ केलेलं असतं, आणि एखाद्या बॉडीत ती वरच दुभंगून एक फाटा स्नायूतून येतो. मी अशाच एका पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये फसलो होतो. सिस्टिक आर्टरी (पित्ताशयाची धमनी) कॉमन हिपॅटिक डक्टच्या (यकृतातून येणाऱ्या पित्तनलिकेच्या) पुढून आडवी आली होती. सिनियरने माझा हात धरला म्हणून निभावलं. त्यामुळे स्वतःचं टेबल झालं की शेजारच्या टेबलांवरही जा. यापेक्षा चांगलं जादा साधन मला माहीत नाही.

पहिलं वर्ष
शेजारच्या टेबलाचं सुचलं नव्हतं. पण फोरॅमिना (कवटीतली भोकं) मला अँकीनेच पक्के झाले. ओव्हेलमधून मँडिब्युलर नर्व्ह, रोटंडममधून मॅक्सिलरी नर्व्ह, स्पायनोसममधून मिडल मेनिंजियल आर्टरी. ते सोडणार नाही.

जुना डेमॉन्स्ट्रेटर
सोडू नकोस. पाठांतराला अँकी चांगलंच आहे, एवढं मला कबूल करावं लागेल. पंचवीस जण एका टेबलावर, हा दोषही आम्हा शिकवणाऱ्यांचा. प्लेक्सस मात्र रोज कोऱ्या कागदावर काढ: सी५ ते टी१ (पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या नर्व्हचे क्रमांक), ५ रूट, ३ ट्रंक, ६ डिव्हिजन, ३ कॉर्ड. न बघता. आणि "फुकट" मागे घे.

पहिलं वर्ष
"फुकट" मागे घेतो. "कमी पडतात" म्हणेन.

टेबल नंबर तीन
आणि फीमोरल ट्रँगल (जांघेखालचा त्रिकोण) सुरू होईल तेव्हा आदल्या रात्री अ‍ॅटलास बघून जा. मांडीच्या बाहेरच्या बाजूकडून आतल्या बाजूकडे नर्व्ह, आर्टरी, व्हेन. दहा मिनिटं आधी पोहोच आणि पुढे उभा राहा. त्या दोघांना सांग, आज स्काल्पेल मी धरणार.