"दोन्ही माद्या" म्हणून आणलेले ससे: नर-मादी घरी कसं ओळखायचं?

गोडोलीची_आई (सातारा):
नमस्कार. दिवाळीनंतर मुलीसाठी बाजारातून दोन ससे आणले. एक पांढरा, लाल डोळ्यांचा, दुसरा करडा. विकणारा म्हणाला, "दोन्ही माद्या आहेत, बिनघोर एकत्र ठेवा." आता चार महिन्यांचे असतील. काही दिवसांपासून करडा पांढऱ्याभोवती घुर्र घुर्र करत फिरतो आणि सारखा अंगावर चढतो. शेजारच्या काकू म्हणतात, एकाच वेतातले आहेत, भावंडांत काही होत नाही. दीर म्हणतात, माद्यासुद्धा चढतात. खरं काय धरायचं? घरी बघून कळतं का? गच्चीत एकच मोठा पिंजरा आहे. पिल्लं झाली तर द्यायची कुणाला, या काळजीने झोप लागत नाही.

कराडचा_दादा:
ताई, उत्तरं येईपर्यंत थांबू नका. आत्ता एकाला दुसऱ्या खोलीत न्या, जुनी फळांची क्रेटसुद्धा चालेल. नर-मादीची शहानिशा उद्या केली तरी चालते.

कृष्णाकाठ (सांगली):
दादांचं अगदी बरोबर. विश्रामबागेत माझ्याकडे लोकांना नकोसे झालेले ससे येतात आणि त्यांतल्या कितीतरी जोड्या "दोन्ही माद्या" सांगूनच विकलेल्या असतात. विकणारा दरवेळी खोटंच बोलतो असं नाही. दीड महिन्याच्या पिल्लात फरक इतका बारीक असतो की सरावलेल्या हातालाही चकवा बसतो. पण चार महिन्यांच्या सशात नीट कळतं, म्हणून घाबरू नका.

तुमचे दीर म्हणतात ते खरं आहे, माद्याही चढतात. म्हणजे नुसत्या चढण्यावरून काहीच ठरत नाही. गळ्याखालच्या वळीवरूनही ठरवू नका. ती मादीला मोठी असते, पण धष्टपुष्ट नरालाही येते. काकूंचं मात्र मनावर घेऊ नका. भाऊ-बहीण, आई-मुलगा असलं नातं सशाला नसतं.

बघताना दोघं जण हवेत. जमिनीवर बसा, म्हणजे ससा उसळला तरी उंचावरून पडणार नाही. मांडीवर टॉवेल घ्या. एकाने सशाची पाठ आपल्या पोटाला टेकवून धरायचं आणि दुसरा हात ढुंगणाखाली भक्कम ठेवायचा. मागचे पाय लोंबकळू देऊ नका. हवेत जोरात लाथ मारली तर सशाचा स्वतःचाच मणका मोडू शकतो. कान धरून तर कधीच उचलू नका, बाजारात कितीही जण तसं करताना दिसले तरी.

शेपटीजवळ आधी गुदद्वार दिसेल, त्याच्या पुढे पोटाच्या बाजूला दुसरं द्वार. त्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी हलकेच दाबा. नर असेल तर गोल टोकाची छोटी नळी वर येते, टोकाला गोल छिद्र. मादी असेल तर उभी चीर दिसते, गुदद्वाराकडे लांबत गेलेली. नरात या दोन द्वारांमधलं अंतर जास्त असतं, मादीत ती जवळजवळ असतात. बाजूच्या घडीत तपकिरी मेणासारखा मळ दिसला तर गोंधळू नका, त्या वासाच्या ग्रंथी आहेत, दोघांनाही असतात.

नराचे वृषण साधारण अडीच-तीन महिन्यांत खाली उतरतात. द्वाराच्या दोन्ही अंगांना, जरा पुढे, केस नसलेल्या लांबट पिशव्या दिसतात. पण ससा ते पुन्हा पोटात ओढून घेऊ शकतो. भ्याला किंवा थंडी असली की हटकून ओढतो. म्हणून "गोळ्या दिसल्या नाहीत, म्हणजे मादी" असा निष्कर्ष काढू नका. चीर स्वतः बघितल्याशिवाय मादी म्हणायचं नाही. जरा जरी शंका राहिली तरी वेगळेच ठेवा.

इतकं का सांगते, तर सशाच्या मादीला गाई-म्हशीसारखा ठरावीक दिवसांचा माज नसतो. नर लागल्यावर दहा-बारा तासांनी तिचं बीज सुटतं. "आज माजावर नाही, थोडा वेळ एकत्र खेळू दे" हा हिशेब इथे चालतच नाही. नर लागायला काही सेकंद पुरतात.

कायमचा उपाय नसबंदी. नराची शस्त्रक्रिया सोपी, पण त्यानंतरही महिना-दीड महिना तो मादीला गाभण ठेवू शकतो, तेवढे दिवस वेगळाच हवा. मादीचं ऑपरेशन मोठं, साधारण सहा महिन्यांची झाल्यावर करतात. तरी मी त्याचा आग्रह धरते, कारण न केलेल्या माद्यांना वय वाढल्यावर गर्भाशयाचा कॅन्सर फार होतो. तुमच्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारून बघा. कुठेही गेलात तरी डॉक्टरांना आधी विचारा, सशांची शस्त्रक्रिया केली आहे का. "रात्रभर उपाशी ठेवून आणा" म्हणाले तर दुसरे डॉक्टर शोधा. सशाला उलटी होतच नाही, आणि उपाशी ठेवलं तर आतड्यांचं काम मंदावतं.

वाळव्याहून:
आमच्याकडे काही जण नको झालेले ससे उसात सोडतात. कृपा करून तसं करू नका. पाळीव ससा रानात तग धरत नाही, कुत्री-मांजरं लगेच धरतात. उसातला ससा वेगळ्याच जातीचा, त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. तो रानातून आणून पाळणंही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

गोडोलीची_आई (सातारा):
खूप आभार. काल रात्रीच वेगळे केले. आज यजमानांनी धरला आणि मी बघितलं. करड्याला पिशव्या स्पष्ट आहेत, पांढरीला चीर. म्हणजे ती गाभण असू शकते ना? कसं कळेल? दोन पिंजरे शेजारी ठेवले तर चालतील?

कृष्णाकाठ (सांगली):
असू शकते, तसंच धरून चाला. साधारण बाराव्या दिवसानंतर जाणत्या डॉक्टरांच्या हाताला पोटात द्राक्षाच्या मण्यांसारख्या गाठी लागतात. तुम्ही स्वतः पोट चाचपू नका, गर्भाला इजा होते. डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा. पिल्लं नकोच असतील तर आत्ताच शस्त्रक्रिया करता येईल का, हे ते तिचं वय-वजन बघून सांगतील.

गाभणकाळ ३० ते ३२ दिवसांचा. कालची तारीख लिहून ठेवा आणि २८ दिवस मोजा, तिथून पुढे रोज लक्ष ठेवा, मात्र ती आधीच फळली असेल तर लवकर व्याईल, म्हणून वाळलं गवत घातलेला खोका आठवड्याभरातच ठेवा. व्यायच्या आधी ती अंगावरची लोकर उपटून त्यात भरेल. सोळा-अठरा दिवसांनी लोकर उपटली आणि पिल्लं झालीच नाहीत, तर तो खोटा गाभणपणा, आपोआप जातो.

पिल्लं झाली तर उघडी, डोळे मिटलेली असतील. आई दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळीच, तीसुद्धा काही मिनिटं पाजते. "टाकून दिली" समजून लगेच बाटलीने दूध पाजायला जाऊ नका, पोटं भरलेली दिसताहेत का ते बघा. मुंग्यांपासून जपा, खोका पाण्याच्या वाट्यांत पाय असलेल्या स्टुलावर ठेवा. आणि करड्याला त्या दिवशी अजिबात जवळ आणू नका. व्याल्यावर काही तासांतच ती पुन्हा फळू शकते.

पिंजरे शेजारी चालतील, पण मध्ये हातभर अंतर ठेवा, एकाच जाळीच्या दोन बाजूंना नकोत. सोडायचे तर एका वेळी एकच बाहेर, आणि कडी अशी लावा की मुलीला एकटीला उघडता येणार नाही. डॉक्टर काय म्हणाले ते इथे जरूर लिहा.