मदत हवी आहे : अंत्यदर्शन, प्रार्थनासभा, शोकसभा, स्मृतिसभा यांत नेमका फरक काय आणि आम्ही काय ठेवावे?

नमस्कार मंडळी,

माझ्या मावशीचे नुकतेच निधन झाले. दहनविधी त्याच दिवशी, मोजक्या आप्तांच्या उपस्थितीत झाला आणि तिची दोन्ही मुले दूरदेशी असल्यामुळे त्यांना अंत्यदर्शन घेता आले नाही. आता सर्वांना एकत्र येता येईल असा कार्यक्रम करायचा आहे व त्याची जबाबदारी माझ्यावर आहे. घरातील ज्येष्ठांना प्रार्थना आणि धार्मिक विधी हवे आहेत, मुलांना आईच्या आयुष्याविषयी बोलायचे आहे, तर ती ज्या शाळेत शिकवत असे तेथील सहकारी शोकसभा घेण्याविषयी विचारत आहेत. या कार्यक्रमांचे हेतू वेगळे आहेत का, ते एकाच वेळी करणे योग्य ठरेल का, आणि दहन होऊन गेल्यावर काय करता येते, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. कोणाचेही मन दुखावू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

प्रतिसाद १

आपल्या दुःखात मनापासून सहभागी आहे.

पार्थिव समोर आहे की नाही, यावर बहुतेक गोष्टी ठरतात. अंत्यदर्शन, अंत्ययात्रा, दफनाची किंवा दहनाची प्रार्थना हे सारे वेळेने बांधलेले असते. इस्लाममध्ये आणि ज्यू धर्मात शक्य तितक्या लवकर दफन करण्यावर भर आहे. जनाज्याची (अंत्यविधीची) नमाज रुकू (कमरेत वाकणे) व सजदा (जमिनीला माथा टेकणे) न करता उभ्यानेच अदा केली जाते आणि मृतासाठी केलेली दुआ हा तिचा गाभा असतो, त्यामुळे तेथे आठवणींच्या भाषणांना जागा नसते. रोमन कॅथलिक परंपरेत तीन टप्पे असतात : आधीची जागर-प्रार्थना, चर्चमधील मिस्सा (मुख्य उपासनाविधी) आणि दफनस्थळी निरोपाची छोटी प्रार्थना. यांपैकी मोकळेपणाने आठवणी सांगण्यासाठी जागर-प्रार्थनेची वेळ अधिक योग्य मानतात, कारण मिस्सातील प्रवचन श्रद्धेविषयी असते, मृत व्यक्तीच्या गुणगौरवासाठी नसते.

स्मृतिसभेला पार्थिवाची गरज नसते, म्हणून ती काही आठवड्यांनी, अगदी काही महिन्यांनीही घेता येते. देहदान झाले असेल किंवा मृतदेह मिळालाच नसेल, तर अनेक कुटुंबांना हाच एक मार्ग उरतो. आपल्या मावसभावंडांसाठीही हेच योग्य ठरेल, कारण त्यांना येण्यास अवधी मिळेल. शोकसभा बहुधा संस्था घेते. तेथे व्यक्तीच्या कार्याची नोंद घेतली जाते, शोकप्रस्ताव मांडला जातो आणि दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहिली जाते. ती शाळेलाच घेऊ द्यावी, कुटुंबाने फक्त उपस्थित राहावे.

हल्ली आयुष्याचा उत्सव म्हणून छायाचित्रे, आवडती गाणी आणि हलकेफुलके किस्से असलेला कार्यक्रमही करतात. दीर्घ, तृप्त आयुष्य जगलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तो फार सुंदर होतो. मात्र मृत्यू अकाली किंवा अचानक झाला असेल, तर ज्यांचे रडूही अजून थांबलेले नाही अशांवर आनंदी राहण्याची सक्ती होते, आणि ती मला क्रूर वाटते.

आपल्या मुख्य प्रश्नाविषयी माझे मत स्पष्ट आहे : प्रार्थना आणि आठवणींची सभा एकत्र करू नये. विधी चालू असताना मुले ध्वनिक्षेपकाची वाट पाहत बसतात आणि ज्येष्ठांना विधी घाईने आटोपल्यासारखा वाटतो. सकाळी घरच्यांपुरती प्रार्थना ठेवावी व स्मृतिसभा सायंकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घ्यावी. निमंत्रणात दोन्हींचे स्वरूप लिहावे, म्हणजे अन्य धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्या सहकाऱ्यांना कोठे यायचे ते कळेल.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. एका गोष्टीची भर घालतो. सभेखेरीज नुसते भेटायला येणे हाही एक स्वतंत्र प्रकार आहे आणि त्याचे मोल कमी लेखू नये. ज्यू परंपरेत दफनानंतर सात दिवस जवळचे आप्त घरीच शोक पाळतात, त्याला शिवा म्हणतात. भेटायला आलेल्याने शोकग्रस्त व्यक्ती बोलेपर्यंत स्वतःहून बोलायचे नाही, असा त्यात संकेत आहे. मुले आल्यावर सभेच्या आधी एक पूर्ण दिवस त्यांना असाच, कोणताही कार्यक्रम नसलेला मिळू द्यावा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. प्रार्थना वेगळी ठेवायची, हे ज्येष्ठांनाही पटले आहे. आणखी एक विचारते : जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी सभेचे थेट प्रक्षेपण करावे का, आणि वक्ते किती असावेत?

प्रतिसाद १

प्रक्षेपण अवश्य करावे, परंतु कॅमेरा वक्त्याकडे आणि मावशींच्या छायाचित्राकडे असावा, पहिल्या रांगेत बसलेल्या मुलांच्या चेहऱ्यांकडे नसावा. वक्ते चार-पाच पुरेत : एक घरातील, एक शाळेतील, एक जुनी मैत्रीण, एखादी विद्यार्थिनी. मुलांना बोलायचे असेल तर त्यांनी मजकूर लिहून आणावा आणि तो दुसऱ्या कोणाजवळ आधीच देऊन ठेवावा. कंठ दाटून आला, तर ती व्यक्ती शेजारी उभी राहून पुढचे वाचू शकेल. ज्यांना सर्वांसमोर बोलणे जमत नाही त्यांच्यासाठी दाराशी एक कोरी वही ठेवावी आणि सभेनंतर ती मुलांना द्यावी.